आवक मुबलक, भाव नरम

सोमवार, ३ जानेवारी २००५

आज सांभार इतका आला की अडत्यांनी शेवटची पोती जीपवरून उतरवूच दिली नाहीत. मी लिहिलं – ‘कोथिंबीर : आवक मुबलक, भाव नरम.’ पेपरात सांभार लिहायचा नाही, कोथिंबीर लिहायची. साहेब म्हणतात, सांभार छापला तर पुण्याच्या पाहुण्याला वाटेल इडलीसोबतचा. पुण्याचा पाहुणा अकोल्याचा बाजारभाव कशाला वाचेल, हे मी विचारलं नाही. नोकरी नवी आहे. म्हणजे दीड वर्षाची आहे, पण मला नवीच वाटते.

आवकेसाठी साहेबांनी तीन शब्द ठरवून दिले आहेत. मुबलक, साधारण, तुटपुंजी. मागे एकदा मी ‘विपुल’ लिहिलं होतं. पान लावणारे नत्थुजी चष्म्यावरून पाहत राहिले. “मह्या मशीनमंदी तीन शब्द भरून ठेवले आहेत. शब्द काय भाजी आहे का, रोज ताजाच पाह्यजे?”

बारावी नापास माणसाला पेपरात बसायला मिळालं ते शुद्धलेखनामुळे. हे विसरायचं नाही. तीन तर तीन.

बुधवार, ५ जानेवारी

आज बाजारात सांभार नाही. एका जीपचा आला होता म्हणे, तो पहाटेच संपला. आता काडी नाही.

टॉवर चौकाकडे खानावळ चालवणाऱ्या पंचफुलाबाई कालचा पेपर हातात धरूनच आल्या होत्या. मला ओळखतात, हेच चुकलं. “काहो पेपरवाले, मुबलक कुठी आहे? दाखवा मले. मी पिशवी घिऊन उभी आहो.” मी म्हणालो, सोमवारी होता. त्या म्हणाल्या, “मंग मी बुधवारची भाजी सोमवारी रांधू काय?”

चार अडते हसले. मी पण हसलो. कान गरम झाले होते.

आज लिहिलं – तुटपुंजी. दोनदा तपासलं. तु पहिला. पु पण पहिलाच.

शुक्रवार, ७ जानेवारी

तुटपुंजी लिहिलं आणि आज डोंगर. अमरावतीकडून, दर्यापूरकडून जीपवर जीप. हिरवं पाणी गाळ्यांतून वाहत होतं.

मागच्या महिन्याचे पेपर काढून पाहिले. दर वेळी हेच. मी मुबलक म्हणालो की सांभार गायब होतो, तुटपुंजी म्हणालो की पूर येतो. वांगी, टमाटे असे वागत नाहीत. सांभार मात्र माझ्याशी वैर धरून आहे.

नत्थुजींना दाखवलं. ते म्हणाले, “देव तुहं लेखन वाचते अन् उलटं करते. एक काम कर. ‘नत्थुजीची पगारवाढ होणार नाही’ असं लिव एखाद दिवशी.”

रविवार, ९ जानेवारी

आज मुलगी पाहायला गेलो. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

दर्यापूरच्या अलीकडे रस्त्याला लागूनच गाव आहे. मी, अम्मी आणि जीपमध्ये एकावर एक अशी बाकीची माणसं. अम्मीने माझ्या शर्टाची इस्त्री जपण्यासाठी मला खिडकीशी बसवलं. मग खिडकीतून सगळी धूळ शर्टावर.

शेजारी एक बाई बसल्या होत्या. माणिकबाई. अकोल्याला डोळे दाखवून परत निघालेल्या, त्याच गावच्या. डोळ्यांत औषध होतं म्हणून मिटूनच बोलत होत्या. नवरा शालिकराम, दोघं मिळून भाजी पिकवतात. “पेपरात आलं का अकोल्यात मुबलक. आमी म्हटलं, मुबलकात कोण जाते? अमरावतीले नेला सांभार. तं समदा मुलूख तिथीच! पेपर का आमी एकट्यानंच वाचला होता काय? तिथी गायीपुढं टाकला, तं गाय बी तोंड फिरवे. असं दोनदा झालं भाऊ, पंधरा दिवसांत.”

मी विचारलं नाही कोणता पेपर. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच सांगितला. माझाच.

अम्मीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणजे – गप्प बस.

घर साधं, स्वच्छ. मुलीचे वडील अब्दुल सत्तार, मी चाचा म्हणायचं ठरलं. या भागात पाणी खारट, पण त्यांच्या तुकड्यात एका विहिरीचं पाणी गोडं लागलं आहे, त्यावर सांभार, मेथी, पालक. मी म्हणालो, म्हणजे पाणी मुबलक आहे. आतून आवाज आला, “मुबलक नाही. पुरते.”

ती सबीहा.

ती चहा घेऊन आली आणि बाजूच्या पेटीवर बसली. चाचांना मराठी वाचता येत नाही, रोज सकाळी ती पेपर वाचून दाखवते. मराठी शाळेत शिकलेली, माझ्यासारखीच. बारावी मात्र पास. तिने विचारलं, “ते बाजारभाव तुमीच लिवता?”

“हो.”

“मुबलक म्हणजे कोणाले मुबलक? घेणाऱ्याले का विकणाऱ्याले?”

मी म्हणालो, आवक मुबलक. कोणाला असं नसतं. नुसतं मुबलक.

“बरं,” ती म्हणाली. वर्गात बाई ‘बरं’ म्हणतात तसं.

चाचा हसायला लागले. “सांग त्याईले. घरचंच माणूस होईन कदाचित.” मग तिने जे सांगितलं ते असं. मी आजचा बाजार लिहितो. तो उद्याच्या पेपरात येतो. तो वाचून सगळा रस्ता ठरवतो की परवाची जीप कुठे न्यायची. अकोल्यात मुबलक छापलं की सगळे अमरावतीला पळतात, आणि अकोला रिकामं पडतं. तुटपुंजी छापलं की सगळे अकोल्यात. “म्हणून आमी तुमचं उलटं वाचतो. तुमी अकोल्यात मुबलक म्हटलं का आमी अकोल्यालेच धाडतो. दीड वर्ष झालं. तुमी एकदा बी चुकले नाही. म्हणजे – एकदा बी बरोबर आले नाही.”

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. डोळ्यांत होतं.

चाचा म्हणाले, “असा भरवशाचा माणूस भेटत नाही आजकाल.”

परतताना अम्मी खूश होती. तिच्या मते एवढं कौतुक तिच्या स्वतःच्या माहेरच्यांनी पण माझं केलं नव्हतं. मी खिडकीतून पाहत होतो. धुऱ्याला धुरा लागून, म्हणजे मधे एकच बांध, अशी दोन वावरं आहेत. एक सत्तारचाचांचं. दुसरं माणिकबाईंचं. त्याच्या कडेला काळा पडलेला सांभार ढिगाने पडला होता.

सोमवार, १० जानेवारी

मुबलक लिहिताना हात थांबला. नत्थुजी म्हणाले, “लिव ना. आंबेमोहोर तांदूळ निवडून राहिला काय? तीन तं शब्द आहे.”

बुधवार, १२ जानेवारी

ऑफिसातला जाड शब्दकोश काढला. पहिली वीस पानं उंदरांनी खाल्ली आहेत, पण म शाबूत आहे. मुबलक – पुष्कळ, विपुल, हवे तितके.

हवे तितके! कोणाला हवे? हेच तर ती विचारत होती.

दोन दिवस मी हा शब्द कुठे कुठे लागतो ते पाहतो आहे. धरणात पाणी मुबलक. बियाणे मुबलक उपलब्ध (पान दोन, कृषी खात्याची बातमी). पण ‘पाहुणे मुबलक आले’ असं कोणी म्हणत नाही. ‘डास मुबलक आहेत’ म्हणत नाही. ज्याचा कंटाळा येतो त्याला भारंभार म्हणतात, बेसुमार म्हणतात, आमच्याकडे गंज म्हणतात. मुबलक या शब्दात कुरकुर नाही. तो घेणाऱ्याचा शब्द आहे. पिशवी घेऊन आलेल्याचा. पोतं घेऊन आलेल्याचा नाही.

पोतंवाल्याचा शब्द कोणता? सांभार भारंभार, भाव नरम? साहेब हाकलून देतील.

अम्मीला विचारलं. ती शिवणयंत्रावरून उठली नाही. म्हणाली (ती हिंदीत म्हणाली, मी मराठीत लिहितो), नानांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, जुन्या भाडेपावत्यांवर उर्दूत लिहिलेलं असायचं – मुबलिग सात रुपये. म्हणजे एवढेच, मोजून, ना कमी ना जास्त. हा तोच शब्द असेल तर उर्दूतून मराठीत येताना वाटेत पोतं फुगलं म्हणायचं. तोच आहे की नाही, मला खात्री नाही. खात्री नसलेलं वहीतही लिहू नये, पण लिहिलं.

पहिल्या पानाचं प्रूफपण आता माझ्याकडे देतात. तिथल्या गावाकडच्या, शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्यांत ‘पुन्हा’ हा शब्द फार येतो. नेहमी बरोबर लिहिलेला असतो. तपासायला काही उरत नाही.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. नत्थुजींनी तिळगूळ दिला. “गोड बोल. खरं कमी बोल.”

रविवार, १६ जानेवारी

अम्मीने बातमी काढली. सबीहाला आणखी दोन ठिकाणांहून विचारणा आहे. एक नागपूरचा, मोटारीचं काम करतो. दुसरा अमरावतीचा, मोबाइलचं नवं दुकान टाकलं आहे, स्वतःकडे दोन मोबाइल. दोन कशाला, देव जाणे. एकावरून दुसऱ्याला लावत असेल.

दर्यापूर बाजार – स्थळे : आवक मुबलक. मागणी एक. भाव नरम (विशेषतः अकोला माल).

खोडणार होतो. राहू दे.

मंगळवार, १८ जानेवारी

सत्तारचाचा स्वतः माल घेऊन आले. रविवारी मी मुबलक लिहिलं होतं, म्हणून आज अकोल्यात बाकी कोणी नव्हतं. पंचफुलाबाईंनी घासाघीस न करता घेतला. मागून आलेल्यांना नाही मिळाला. चाचांनी रिकामी पोती झटकून घडी घातली आणि मला चहाला नेलं.

म्हणाले, अमरावतीचं पोरगं चांगलं आहे. फोनवर भाव विचारून सांगते. “तीनदा बरोबर येते, चौथ्यांदा चुकते. आता अशा माणसाचं काय करावं? कोणता चौथा, ते कसं समजावं?” मग बशीत चहा ओतून म्हणाले, “मले तुमी पसंत आहा. सबीहाले बी विचारलं, ते नाही म्हणत नाही. मोहरमचा चांद दिसायच्या आत सांगतो. तुमी फक्त असेच राहा.”

म्हणजे चुकत राहा. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी अशी अट घातली जी मी सहज पाळू शकतो.

पण तोंडातून निघून गेलं – चाचा, माणिकबाईंचं काय? त्यांना पण सांगितलं असतं तर?

त्यांनी बशी खाली ठेवली. “शालिकराम मह्या भावासारखा आहे. पण सगळ्याले सांगतलं तं सगळेच उलटं वाचतीन. मंग तुमचं उलटं कोणाच्याच कामाचं नाही राहत. तेही बुडतीन, आमीही. इचार करून पाहा.”

केला. बरोबर आहे. म्हणून जास्त वाईट वाटतं.

गुरुवार, २० जानेवारी

उद्या ईद. सांभाराला मागणी. पेपरात काहीही लिहिलं असतं तरी आज सगळा गेला असता. एक दिवस तरी माझ्या शब्दाला सुट्टी.

शुक्रवार, २१ जानेवारी

बकरी ईद. नत्थुजी मटण खात नाहीत, त्यांच्याकडे शेवया पाठवल्या. उत्तर आलं – “शेवया मुबलक. भाव वधारला.”

रविवार, २३ जानेवारी

ईद संपली आणि मागणी बसली. आज अकोल्यात ढीग. तोच शब्द लिहायचा, आणि परवा माणिकबाई पुन्हा अमरावतीला, गायीपुढे.

मी दुपारभर एक टीप लिहिली. सात वेळा. शेवटी अशी –

‘वरील आवक आदल्या दिवसाची आहे. आज मुबलक म्हणजे पुढेही मुबलक असे समजू नये.’

साहेब फोनवर होते, मग जेवायला गेले, मग कोणी पुढारी येऊन बसले. संध्याकाळी वाचली. म्हणाले, “हे तर कुणालाही माहीत असतं.” मी म्हणालो, नाही सर, कोणालाच माहीत नाही. बहुतेक मी पहिल्यांदाच त्यांच्याशी एवढ्या मोठ्याने बोललो. “बरं, टाका. शुद्ध आहे ना?” शुद्ध होती.

ही टीप छापली की रस्त्यावरचे थोडे तरी लोक पळणार नाहीत. म्हणजे परवा अकोला रिकामं नसेल. आणि सत्तारचाचा नेहमीप्रमाणे अकोल्यालाच येतील. त्यांना टीप सबीहा वाचून दाखवेलच. ती हुशार आहे. तिला कळेल की आज उलटं वाचायचं नाही. सरळ वाचायचं.

तिला कळेल असं धरून चाललो आहे.

सोमवार, २४ जानेवारी

छापून आली! चौकोनात, ठळक अक्षरांत. चूक नाही. अम्मीने चष्मा लावून पाहिली. तिला मराठी येत नाही, पण चौकोन आवडला.

मंगळवार, २५ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहितो.

आज अकोल्यात इतका सांभार आला, जितका मी कधी पाहिला नव्हता. दर्यापूरचा अख्खा रस्ता. अमरावतीला कोणी गेलंच नाही. अडते पोत्यांकडे पाठ करून पत्ते खेळत होते.

सत्तारचाचा होते. पोती उघडून, पाणी शिंपडून, फाटकाशी उभे. नऊ वाजेपर्यंत उभे. मग बसले. मी जवळ गेलो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “आज तुमी बरोबर आले.”

एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

कोणाच्या तरी ईदेला उरलेल्या दोन बकऱ्या फिरत होत्या. चाचांनी एक पोतं त्यांच्यापुढे सोडलं. बाकीची पंचफुलाबाई घेऊन गेल्या, म्हणजे फुकट. त्यांनी जाताना मला डिवचलं, “हे बघा, आज खरं मुबलक.” नंतर चाचांकडे पाहिलं. मग पिशवीतली भाकर काढून त्यांच्यापुढे ठेवली.

गुरुवार, २७ जानेवारी

वकार आला होता, चाचांचा पुतण्या, जीप चालवतो. उभ्यानेच निरोप दिला. चाचा म्हणतात, पोरात खोट नाही, पण हे राहू द्या.

अम्मीने विचारलं, का?

वकार अवघडला. मग सांगितलं जसंच्या तसं. “चाचा म्हणते, पहिले चुकत होता तं भरवशाचा होता. आता कधी चुकते, कधी बरोबर येते. अशावर घर कसं चालवा?”

नत्थुजींना सांगितलं. मला वाटलं थट्टा करतील. त्यांनी सुपारी कातरली आणि अर्धी माझ्यापुढे केली. मी सुपारी खात नाही. खाल्ली.

शनिवार, २९ जानेवारी

मोबाइलवाल्याकडची माणसं काल गावाला जाऊन आली म्हणे. आता दोन्ही मोबाइल वाजत असतील.

आज कोथिंबीर – साधारण. मीही.

रविवार, ३० जानेवारी

एक विचित्र गोष्ट. जुने अंक फाइलला लावण्याचं काम माझं. शहराचा अंक वेगळा, बाहेरगावी जाणारा डाकेचा अंक वेगळा. डाकेचा अंक मी कधी वाचत नाही, सकाळी हातात शहराचाच येतो. आज लावताना २४ तारखेचा डाकेचा अंक समोर आला. बाजारभाव पाहिला.

टीप नाही.

जिथे चौकोन होता तिथे बोअरवेलवाल्याची जाहिरात.

नत्थुजी म्हणाले, “काहून असणार? तुही टीप आली साडेसातले. डाकेचं पान सात वाजता सुटते, सातच्या गाडीनं. तुले कोणी सांगतलं नाही?” कोणी सांगितलं नव्हतं. दीड वर्ष झालं.

दर्यापूर रस्त्यावर डाकेचा अंक जातो. म्हणजे त्या रस्त्यावर माझी टीप कोणीच वाचली नाही. एकानेही नाही. त्यांनी वाचलं ते नेहमीचंच – आवक मुबलक, भाव नरम. मग नेहमीप्रमाणे अमरावतीला पळायला हवं होतं.

मग मंगळवारी सगळे अकोल्यात का आले?

बुधवार, २ फेब्रुवारी

अम्मी म्हणते, का आले ते सोड. तुझ्यामुळे आले नाहीत ना? तो पेपर घे आणि चाचांना दाखव. चांद दिसायला अजून अवकाश आहे.

ती म्हणते ते खरं आहे. पेपर म्हणजे साक्षीदार. तारीख आहे, पान आहे, जाहिरात आहे. मी निर्दोष आहे. (‘निर्दोष’ला नि पहिली. तपासलं.)

रविवारी जातो. अंक दुमडला नाही, पुठ्ठ्यात घालून ठेवला.

रविवार, ६ फेब्रुवारी

गावातल्या फाट्यावर, चहाच्या टपरीत बसून लिहितो आहे. अजून चाचांकडे गेलो नाही.

माणिकबाई पुन्हा जीपमध्ये भेटल्या. डोळे आता बरे आहेत. मला ओळखलं नाही, कारण मागच्या वेळी मिटलेले होते. विचारलं, सांभार कसा आहे. त्यांना कोणीतरी हवंच होतं.

“काय सांगू भाऊ. आमच्या शेजारची पोरगी आहे, सबीहा. ईदीच्या दुसऱ्या दिवशी आली अन् आमच्या गल्लीतल्या समद्या बायाईले सांगून गेली. म्हणे, तो पेपरात लिवणारा उलटंच लिवते. अकोल्यात मुबलक दिसलं का अकोल्यालेच जा. दीड वर्स झालं आमी हेच करून राहिलो, तुमाले सांगतलं नाही, माफ करा. असं म्हणून गेली ते. मंग म्या हे नणंदेले सांगतलं, नणंदेनं जीपवाल्याले, जीपवाल्यानं रस्त्याले. समदे मंगळवारी उलटं वाचून अकोल्यात! अन् समदे बुडाले. तेही बुडाली.”

मी विचारलं, तुम्ही तिला म्हणालात नाही, तुझंच नुकसान होईल?

“म्हटलं ना. तं म्हणते, मावशी, तुमचा सांभार धुऱ्यावर सडते तं वास आमच्याच घरात येते.” मग जरा थांबून, “तिच्या बापाले माहीत नाही वाटते. तो पेपरवाल्यालेच शिव्या देते. कोण मेला आहे, काय माहीत. तुमी अकोल्याचेच ना? ओळखता काय त्याले?”

म्हणालो, थोडा.

म्हणजे मी ज्या आठवड्यात टीप लिहीत होतो, त्याच आठवड्यात ती दारोदार फिरून हेच सांगत होती. आणि हा पेपर मी चाचांपुढे ठेवला, तर ते लगेच विचारतील – तुम्ही नाही, तर मग कोण?

पुठ्ठा पिशवीत खाली घातला आहे. वर अम्मीने दिलेले लाडू. चहा संपला. निघतो.

त्याच दिवशी, परतीच्या जीपमध्ये (अक्षर हलतं आहे)

म्हणालो, चाचा, चूक माझीच. टीप मी टाकली, ती वाचून सगळे अकोल्यात आले.

त्यांनी लाडू तोडला. “हो काय? आमच्या अंकात तं टीपच नव्हती. अन् परवा सबीहानं मले समदं कबूल केलं. उद्या येणारच होतो तुमच्याकडं.” मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हसू दाबत आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, “सबीहा, चाय ठेव. याचं अजून बी उलटंच वाचा लागते. भरवशाचा आहे.”